झगा, स्टोल आणि शेजारच्या काकू

बऱ्याच वीकांतांनी लिहितोय. हापिसात रिलीज होता, पुढचं समजून घ्या.

विषय थोडा वेगळा आहे. गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फोटो फिरत फिरत आला. कुठलेसे फादर जमिनीवर मांडी घालून बसलेत, समोर बुटकी वेदी, समई पेटलेली आणि अंगावर पांढऱ्या अंगरख्यावरून भगवं उपरणं. खाली मजकूर असा की बघा, यांनी आता भगवं घालून लोकांना फसवायची नवीन युक्ती काढली आहे. खाली रागावलेल्या चेहऱ्यांची रांग.

त्याच दिवशी संध्याकाळी तोच फोटो मला आमच्या बोईसरच्या शेजारच्या काकूंनी पाठवला. काकू वसईकडच्या, ख्रिस्ती, वय आता सत्तरीच्या पुढे. त्यांनी खाली लिहिलं होतं, "हे काय नाटक रे?"

म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच उपरण्यावर चिडलेली, आणि मला दोन्हीकडून विचारणा. यात मी तज्ज्ञ वगैरे नाही, पण या कपड्यांशी माझा जुना संबंध आहे. मी ते इस्त्री करून दिलेत.

झालं असं की काका तारापूर एमआयडीसीत कामाला होते आणि आमची बाबांच्या कंपनीतली ओळख. खोल्या लागून लागून. काकूंकडे चर्चमधल्या कपड्यांची धुणी-इस्त्री असायची, पैसे न घेता, सेवा म्हणून. शनिवारी दुपारी त्यांच्या दारात तारेवर एक पायघोळ पांढरा झगा आणि एक भलंमोठं रंगीत प्रकरण वाळत पडलेलं असे. मला वाटायचं, बाबांना जसा फर्स्ट शिफ्ट-सेकंड शिफ्ट असतो, तसा फादरना रंगाप्रमाणे शिफ्ट असणार. आठवी-नववीत काकूंचा हात दुखायला लागला, तेव्हा इस्त्री माझ्याकडे आली आणि सायकलवरून पोचवायचं कामसुद्धा. पिशवी हँडलला लावायची नाही, चुरगळतं, मागे कॅरिअरवर आडवी ठेवायची. हे नियम मला सी लँग्वेजच्या आधी पाठ होते.

तर आधी ते कपडे म्हणजे काय ते सांगतो. फादर एरवी रस्त्यात घालतात तो लांब बटणांचा झगा म्हणजे कॅसॉक. युरोपात काळा, आपल्याकडे उकाड्यामुळे बहुधा पांढरा. तो पूजेचा पोशाख नव्हे. मिस्सासाठीचा पोशाख वेगळा आणि तो थरांनी चढतो. मानेभोवती एक चौकोनी सुती फडकं, त्यावर घोट्यापर्यंतचा पांढरा झगा म्हणजे अल्ब, कमरेला दोरी, मग गळ्यातून दोन्ही बाजूंनी खाली सोडलेली लांब पट्टी म्हणजे स्टोल, आणि सगळ्यांत वर ते रंगीत प्रकरण, चॅज्युबल. त्याला बाह्या नाहीत, शिवण जवळपास नाही, मधे डोकं घालायला भोक. इस्त्री करायला सगळ्यांत सोपं तेच, सगळ्यांत जाच अल्बच्या लेसचा.

स्टोल ही खरी अधिकाराची खूण. पूर्ण फादर झालेला माणूस ती गळ्यातून समोर दोन्हीकडे सोडतो. अजून फादर न झालेला, पण त्या वाटेवरचा डीकन असतो, तो तीच पट्टी डाव्या खांद्यावरून तिरकी उजव्या कमरेकडे घेतो. हुबेहूब जानव्यासारखी! मी हे काकूंना एकदा बोलून दाखवलं तर त्या बराच वेळ हसल्या होत्या. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही. स्पेनमधल्या तोलेदो इथे 633 साली धर्मसभा भरली होती, तिने डीकनने एकच पट्टी आणि तीही डाव्या खांद्यावर घ्यावी असं ठरवून दिलं, इतकी ही पद्धत जुनी आहे.

आता गंमत. यातला एकही कपडा मुळात धार्मिक नाही. अल्ब म्हणजे रोमन माणसाचा रोजचा लांब सदरा. चॅज्युबल म्हणजे रोमन लोक प्रवासात, पावसापाण्यात अंगावर घ्यायचे ती घोंगडी, आपल्याकडच्या इरल्याची लांबची बहीण म्हणा. लॅटिनमधलं तिचं नाव 'कासुला', म्हणजे छोटं घर. सुरुवातीच्या शतकांत धर्मगुरू तेच घालत जे बाकीचे घालत, फार तर धुतलेलं. पुढे उत्तरेकडच्या टोळ्या आल्या, आखूड सदरे आणि विजारी आल्या, लोकांनी फॅशन बदलली. धर्मगुरूंनी बदलली नाही. झालं, जुना रोजचा कपडा पवित्र झाला. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. कुणी मुद्दाम लिहिलेला नसतो, फक्त काढायची हिंमत कुणाला होत नाही.

त्याहून मोठी गंमत म्हणजे 428 साली पोप सेलेस्टीन पहिले यांनी दक्षिण फ्रान्समधल्या बिशपांना पत्र पाठवून झापलं होतं, कारण त्या मंडळींनी वेगळाच पोशाख घालायला सुरुवात केली होती. पोपचं म्हणणं थोडक्यात असं की आपण लोकांपेक्षा वेगळे दिसावं ते शिकवणीने आणि वागण्याने, कपड्यांनी नव्हे. म्हणजे फादरनी काय घालावं हा वाद व्हॉट्सॲपच्या सोळाशे वर्षं आधीचा आहे.

रंगांचं प्रकरण मात्र माझं लाडकं, कारण त्यात बाबा आहेत. बाबा एमआयडीसीत एका प्रोसेस हाउसमध्ये डाइंग मास्तर होते. घरी आले की नखांत रंग. चर्चचं कॅलेंडर त्यांना मी सांगितलं आणि त्यांनी ते शेडकार्डासारखं ऐकलं. नाताळ-ईस्टरला पांढरा किंवा सोनेरी. आगमनकाळात आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात जांभळा. झावळ्यांच्या रविवारी, गुड फ्रायडेला आणि रक्तसाक्षींच्या सणांना लाल. बाकी वर्षभर हिरवा. अंत्यविधीला पूर्वी काळा असे, तो आज चालतो पण दिसतो कमी. आणि वर्षातून फक्त दोन रविवारी गुलाबी.

तो गुलाबी पहिल्यांदा तारेवर बघितला तेव्हा मला वाटलं काकूंच्या हातून लाल झग्याचा रंग गेला. मी घाबरून बाबांना बोलावलं. बाबांनी कापडाचा कोपरा उन्हाकडे धरला, बघितलं आणि म्हणाले, "रंग गेलेला नाही. हा असाच डाय केलाय. चांगला केलाय."

जांभळ्याबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "व्हायलेट हा सगळ्यात बदमाश रंग. ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसरा." आणि नियमात रंगाचं फक्त नाव आहे, नेमकी छटा नाही. त्यामुळे एका चर्चमधला जांभळा वांग्याकडे जातो, दुसऱ्यातला कोकमाकडे. जुन्या काळी तर हा रंग समुद्री गोगलगाईंतून काढायचे, हजारो गोगलगाई मारल्या तेव्हा जेमतेम एक काठ रंगायचा, म्हणून तो सम्राटांचा. 1453 साली कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि तो धंदा बसला. मग 1464 मध्ये पोप पॉल दुसरे यांनी कार्डिनल मंडळींसाठी किड्यांपासून काढलेला लाल चालू केला. त्या किड्याचं अरबी-फारसी नाव किर्मिझ. आपण मराठीत किरमिजी म्हणतो तो शब्द तिथलाच! पुढे 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा मलेरियावरचं क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. पहिला कृत्रिम रंग. सम्राटांचा रंग गिरणीत आला, आणि एका अर्थी आमच्या एमआयडीसीची, पर्यायाने माझ्या शाळेच्या फीची, सोय झाली :-)

असो. मूळ मुद्दा, हे कपडे आपल्याकडे कुठून आले आणि 'आपले' कधी झाले.

वसई 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. तेव्हापासून पुढे दोनशे वर्षं हा सगळा किनारा त्यांच्या अमलाखाली. आज वसई, पालघर, तारापूर हे सगळं एकाच जिल्ह्यात आहे (2014 पर्यंत ठाण्यात होतं), आणि तेव्हाही ते एकाच कारभारात होतं, उत्तरेकडच्या प्रांतात, ज्याची राजधानी वसई. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा सगळ्यांची चर्चं. वसईत वाढलेला गोन्सालो गार्सिया, पोर्तुगीज बाप आणि इथली आई, फ्रान्सिस्कन ब्रदर म्हणून जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. तो फादर नव्हता, त्यामुळे चॅज्युबल त्याने कधी घातलं नाही. पण त्याच्या सणाला आज वेदीवरचा माणूस लाल घालतो.

पोर्तुगीजांचा कपड्यांवर फार डोळा होता. गोव्यातल्या इन्क्विझिशनने 1736 साली हुकूम काढून नवख्रिस्ती लोकांच्या धोतर-चोळीवर बंदी घातली. आणि इन्क्विझिशनचा स्वतःचा एक वेगळाच 'झगा' होता. शिक्षा झालेल्याला घालायचा पिवळा सॅनबेनितो, पुढे-मागे तिरक्या फुल्या. चार्ल्स देलाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरला दमणला पकडून वसईमार्गे गोव्याला नेलं होतं, त्याने 1687 मध्ये पुस्तक छापून हे सगळं जगाला सांगितलं. चर्चच्या कपड्यांचा इतिहास लिहिताना हा कपडा वगळला तर तो अर्धा इतिहास होईल, म्हणून लिहिलं.

पण हुकूम काढणं वेगळं आणि अंगावरून लुगडं उतरवणं वेगळं. वसईच्या ख्रिस्ती बायकांनी आपलं लाल चौकड्यांचं लुगडं सोडलं नाही. काकूंच्या आजी शेवटपर्यंत तेच नेसायच्या. काकूंकडे त्यांचा फोटो आहे, चर्चच्या पायरीवर, गुडघ्याखाली येईल एवढंच काष्ट्याचं लुगडं आणि अंगावर दागिने. त्यांच्या शेजारी फादर, पायघोळ झग्यात. एकाच फोटोत कोकण आणि रोम. आणि दोघांनाही एकमेकांच्या कपड्याबद्दल काही तक्रार आहे असं दिसत नाही.

मग 1739. जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. आमच्या घरून सायकलने तासाभरात जाता येतं तिथे. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईने हात टेकले. पोर्तुगीज गेले आणि त्यांच्याबरोबर गोरे पाद्रीसुद्धा. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर जी घंटा आहे, ती 1721 मध्ये पोर्तुगालात ओतलेली. घंटा आपण सगळे बघायला जातो, फोटो काढतो. कपड्यांचं तसं होत नाही. काशाची घंटा तीनशे वर्षं टिकते, कोकणच्या दमट हवेत रेशमाला कसर लागते. त्यामुळे 1739 म्हटलं की आपल्याला घंटा आठवतात आणि वाटतं की गोष्ट तिथे संपली.

ती संपली नाही. गोरे पाद्री गेल्यावर जे ख्रिस्ती गावागावांत राहिले, त्यांची मिस्सा गोव्याच्या आणि इथल्या देशी पाद्र्यांनी चालू ठेवली. 1760 च्या सुमारास आँकतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती सण उघडपणे, मिरवणुकीसकट चाललेले त्याने बघितले आणि लिहून ठेवले. माझ्या मते हाच तो काळ, जेव्हा हे कपडे इथले झाले. राज्य करणारा गोरा माणूस अंगात नव्हता, कुणाची सक्ती नव्हती, उलट ते टाकून देणं सोयीचं होतं. तरीही सावळ्या अंगावर तोच पांढरा झगा आणि तीच पट्टी चढत राहिली, ती गावातल्या माणसांना हवी होती म्हणून. (इथे मराठ्यांच्या सहिष्णुतेवर पानभर लिहिता येईल, पण ग्रुपवर त्यावरूनही भांडण होईल.)

आता भगव्याकडे येतो. ही 'नवीन युक्ती' किती नवीन? रोबेर्तो दे नोबिली हा इटालियन जेझुइट 1606 मध्ये मदुरैला आला आणि भगवी वस्त्रं नेसून, मांसाहार सोडून संन्याशासारखा राहू लागला. सगळ्यांत आधी बोंब मारली ती त्याच्याच जातभाई पाद्र्यांनी. प्रकरण रोमपर्यंत गेलं, 1623 मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळक. कोकणातल्या करजगावात जन्मलेले, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहिले. पुण्यात 1920 च्या दशकात जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघातले इंग्रज खादीचे झगे घालून हिंडत.

कॅथलिक चर्चमध्ये हे अधिकृतपणे आलं ते 1969 साली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातल्या बिशपांनी मागणी केली आणि 25 एप्रिल 1969 रोजी रोमने बारा मुद्दे मंजूर केले. चपला बाहेर काढणं, मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती, आणि कपड्यांच्या जागी एक साधा अंगरखा व स्टोलऐवजी अंगवस्त्र. सक्ती नाही, ज्याला हवं त्या बिशपने घ्यावं. म्हणजे त्या फोटोतल्या उपरण्याला पन्नासहून जास्त वर्षांची परवानगी आहे. आमच्या तारापूरचं अणुवीज केंद्रही 1969 चंच. कुणी त्याला 'नवीन युक्ती' म्हणत नाही.

मी हे सगळं ग्रुपवर टाकलं. एका काकांनी अंगठा दाखवला, बाकी शांतता. मग पुढचा फॉरवर्ड, हळदीच्या दुधाचे फायदे.

काकूंना मात्र फोनवर नाही, बोईसरला गेलो तेव्हा समोर बसून सांगितलं. कारण तोपर्यंत मला कळलं होतं की त्यांचा प्रश्न फोटोचा नव्हताच. त्यांच्या भाच्याला फादरपदाची दीक्षा मिळणार होती. पहिल्या मिस्साचा पोशाख घरच्यांनी द्यायचा असं त्यांच्या घरात चालत आलंय, आणि काकूंनी पांढऱ्या जरीचं कापड आधीच आणून ठेवलं होतं. भाच्याने फोनवर सांगितलं की मावशी, मला ते भपकेदार नको, साधा खादीचा अंगरखा आणि उपरणं घालीन, आपण इथली माणसं आहोत. काकूंनी फोन ठेवला तो आठवडाभर उचलला नाही.

मी त्यांना नोबिली, टिळक, बारा मुद्दे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "अरे बाळा, तो म्हणतो इथले दिसायला हवं. माझी आजी लुगडं नेसून मरेपर्यंत इथलीच दिसली. आम्ही इथले नाही असं कोण म्हणतंय, की त्याला ते कपड्याने सांगायची पाळी यावी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर उत्तर ग्रुपवर होतं, पण ते मला त्यांना दाखवायचं नव्हतं.

भाच्याची बाजूही चूक वाटत नाही मला. तो आदिवासी पाड्यांवर काम करणार आहे, डहाणू-तलासरीकडे. तिथे जरीचा झगा घालून उभं राहायला त्याला संकोच वाटतो, आणि तो संकोच चांगल्या माणसाचा आहे. पोप सेलेस्टीन त्याच्या बाजूने उभे राहिले असते. पण काकूंच्या बाजूने 1739 नंतरची ती सगळी गावं उभी आहेत, ज्यांनी कुणी सांगितलं नसताना हे कापड धुतलं, वाळवलं, कसरीपासून जपलं.

शेवटी काय झालं सांगतो. भाचा एका रविवारी स्वतः बोईसरला आला. दोघं बंद दाराआड तासभर बोलली, आम्हाला फक्त काकूंचा चढलेला आवाज आणि मग चहाच्या कपांचा आवाज ऐकू आला. ठरलं असं की वसईतली पहिली मिस्सा जरीच्या झग्यात, आणि पाड्यावरची पहिली मिस्सा खादीत. खादीचा अंगरखा काकू शिवणार नाहीत, पण इस्त्री करून देतील.

जरीला लावायचा सोनेरी काठ दोन दुकानांतून आला होता. बाबा आता रिटायर आहेत, चष्म्याचा नंबर वाढलाय. काकूंनी दोन्ही तुकडे घेऊन त्यांना हाक मारली. बाबांनी ते आधी ट्यूबलाइटखाली बघितले, मग गॅलरीत उन्हात नेले, आणि म्हणाले, "वहिनी, एका लॉटचे नाहीत हे. पुढे हा लावा, मागे तो. वेदीकडे तोंड केल्यावर कुणाला कळणार नाही."

"आता फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतात हो," काकू म्हणाल्या. "पाठ कुणाला दिसतच नाही."